निराकाराची बाह्यरेषा

राहुरीकडून शनिशिंगणापूरला जाणारा रस्ता सोनईतून जातो. शनिवारी आणि अमावास्येला या रस्त्यावर भाविकांच्या गाड्यांची रीघ लागते. गळीत हंगाम सुरू झाला की मुळा कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्यात मिसळतात. या सगळ्या वाहनांवर एक गोष्ट हमखास दिसते. काचेवर, टपावर किंवा ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रेडियममध्ये कापलेलं देवाचं नाव असतं, नाहीतर देवाचं चित्र. ते कापणारं यंत्र आता तालुक्या-तालुक्याला पोचलं आहे. कटिंग प्लॉटर, एक कॉम्प्युटर, रेडियमचे रोल आणि नको असलेला भाग सोलून काढायला चिमटा, एवढ्यावर दुकान उभं राहतं.

समजा, अशा दुकानात एक गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून म्हणतं, 'तयार चित्र नको. हा माझा फोटो आहे, शिंगणापूरच्या शिळेचा. हाच देव कापून द्या.' मागणी साधी वाटते. पण तिच्यात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे आणि तो यंत्राच्या पडद्यावर अगदी उघडा पडतो.

फोटो म्हणजे प्रकाशाच्या लाखो ठिपक्यांचा पट. प्लॉटरला ठिपके कळत नाहीत, त्याला फक्त वाट कळते. या यंत्रांची जी भाषा ह्युलेट-पॅकार्डच्या पेन-प्लॉटरपासून चालत आली, तिच्यातल्या मुख्य आज्ञा दोनच आहेत: पेन वर, पेन खाली. पेनाच्या जागी ब्लेड आलं, आज्ञा त्याच राहिल्या. त्यामुळे बाहेरचं चित्र सॉफ्टवेअरमध्ये आणलं की आधी त्याचा ट्रेस काढावा लागतो. सॉफ्टवेअर ठिपक्यांमध्ये उजेड-अंधाराची सीमा शोधतं आणि त्या सीमेवरून रेषा ओढतं. सीमा कुठे धरायची, हे एका पट्टीवर सरकवून ठरवता येतं. पट्टी एका बाजूला नेली तर गणपतीचा डोळा सोंडेत विरघळतो, दुसऱ्या बाजूला नेली तर मुकुटाचे तुकडे होतात. कोरलड्रॉ असो, फुकट मिळणारं इंकस्केप असो की घरगुती यंत्रांसोबत येणारं सॉफ्टवेअर असो, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

आता शिळेचा फोटो. शिंगणापूरचा देव म्हणजे सुमारे पाच फूट नऊ इंच उंचीची काळी शिळा. तिला डोळे नाहीत, हात नाहीत, वाहन नाही. तिच्यावर छप्पर नाही, गाभारा नाही. उघड्या चौथऱ्यावर उन्हापावसात ती उभी आहे आणि तिच्यावर तेल वाहिलं जातं. कुणा शिल्पकारानं तिला घडवलेलं नाही, ती स्वयंभू आहे, ही इथली श्रद्धा. हा फोटो ट्रेसला लावला की पडद्यावर एक उभा, कडांना थोडा ओबडधोबड काळा आकार उरतो. तो कुठल्याही दगडाचा असू शकतो. शेजारचा त्रिशूळ, गळ्यातला हार, खालचा चौथरा हे सगळं फोटोत आलं तरच बघणारा 'शनिदेव' म्हणतो. देवाची ओळख पटते ती त्याच्या भोवतालच्या गोष्टींमुळे. खुद्द देवाला कापता येईल अशी रेषा नाही.

मग यंत्रानं जे कापलं, ते काय आहे?

या प्रश्नाला परंपरेनं दिलेलं उत्तर आजच्या पुष्कळ भाविकांच्या उत्तरापेक्षा मोकळं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात, पूजेच्या प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चितारलेली, वाळूची, मनोमयी आणि रत्नांची. याच स्कंधावर पैठणच्या एकनाथांनी मराठीत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत ती पुरी केली. त्यामुळे हे वर्गीकरण इथल्या पारायण करणाऱ्या घरांना नवं नाही. या यादीत वाळूला जागा आहे, जी वाऱ्यानं उडून जाते. मनालाही जागा आहे, ज्याला आकारच नाही. प्रतिमा कोणत्या हत्यारानं घडवली, ही अट मात्र या यादीत नाही. छिन्नी चालते, कुंचला चालतो, नुसतं ध्यान चालतं. घडवलेल्या मूर्तीत देव येतो तो प्राणप्रतिष्ठेनं आणि घरच्या गणपतीतून तो जातो विसर्जनानं. शाडूच्या गोळ्याला पूज्य करणारा संस्कार हत्याराची जात विचारत नसेल, तर ब्लेड मोटरीवर चालतं म्हणून प्रतिमा कमी पवित्र ठरवायला काही आधार उरत नाही.

तरीही मन खळखळ करतंच. हातानं काढलेल्या रांगोळीत जे आहे, ते या कापलेल्या तुकड्यात नाही, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. ही भावना उडवून लावण्यासारखी नाही. तिची मुळं शोधायला सोनईहून फार लांब जावं लागत नाही. ज्या नेवासे तालुक्यात सोनई आहे, त्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानदेव ज्याला टेकून बसले असं मानतात, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. ज्ञानदेव बोलले, सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतलं. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२ हे वर्ष आहे आणि लेखनिक म्हणून बाबांचं नावही आहे. पहिल्या प्रतीची अक्षरं ज्ञानदेवांच्या हातची नाहीत, म्हणून ज्ञानेश्वरी त्यांची नाही असं सातशे वर्षांत कुणी म्हटलं नाही. बाबांच्या हाताचं मोलही कुणी नाकारलं नाही.

त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात गीतेतल्या कर्माच्या पाच कारणांचं विवरण आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कुठलंही कर्म या पाचांच्या मेळातून घडतं आणि 'मी एकट्यानं केलं' असं म्हणणाऱ्याला खरं दिसत नाही, असं गीता सांगते. मूळ विवेचनात करण म्हणजे इंद्रियं. पण प्लॉटरला या मांडणीत जागा द्यायचीच तर ती करणाच्या शेजारी, हाताच्या आणि डोळ्याच्या पुढे जोडलेलं आणखी एक साधन म्हणून. या नजरेनं पाहिलं तर 'यंत्रानं केलं, माणसानं नाही' हे म्हणणं जितकं अर्धवट, तितकंच 'मी केलं, यंत्र नुसतं निमित्त' हेही. ट्रेसच्या पट्टीवर डोळा ठेवायचा की मुकुट, हे ठरवणारा माणूस तिथे बसलेला आहे. त्याचं लक्ष जिथे लागलं, तिथे कर्म त्याचं झालं. बाजारातली तयार फाइल उघडून नुसतं बटण दाबलं, तर कर्म झालं खरं, पण त्यात त्याचा वाटा फार थोडा. मन खळखळ करतं ते इथे, मोटरीपाशी नाही.

म्हणून स्वतःचं चित्र यंत्रात आणता येणं ही केवळ सोय नाही. घरगुती कटिंग यंत्रांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. क्रिकट या घरगुती कटिंग यंत्राची सुरुवातीची मॉडेल्स कार्ट्रिजवर चालायची. कार्ट्रिजमध्ये कंपनीनं भरलेले आकारच कापता यायचे. ज्यांना स्वतःचे आकार हवे होते ते बाहेरच्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरकडे वळले आणि तो झगडा अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला. पुढे चित्रं अपलोड करायची वाट कंपनीनेच खुली केली. मग मार्च २०२१ मध्ये तिनं जाहीर केलं की वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला वीसच चित्रं अपलोड करता येतील. यंत्राचे पूर्ण पैसे मोजलेल्या लोकांनी इतका जोरदार विरोध केला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. वरवर हा ग्राहकहक्काचा प्रश्न होता. पण यंत्र आपल्या घरात असताना त्यात आपल्या मनातली रेषा घालायला दुसऱ्याची परवानगी लागावी का, हा प्रश्न पैशापलीकडचा आहे. मनोमयी प्रतिमेवर महिन्याला वीसची मर्यादा कोण घालणार? लोक चिडले ते बरोबरच होतं.

हातानं कापलेल्या देवांचीही महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांतून रामायण सांगतात. कातडं साफ करून त्यावर आकृती काढायची, ती कापायची आणि दागिन्यांच्या, वस्त्रांच्या रेषांवर बारीक भोकं पाडायची. पडद्यामागे दिवा लागला की त्या भोकांतून उजेड झिरपतो आणि रावणाचा मुकुट झळकतो. ही कला जपण्यासाठी परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पिंगुळीच्या कलावंताला जे हातानं कळतं, तेच प्लॉटरवर बसणाऱ्याला फाइलमध्ये शिकावं लागतं: किती कापायचं आणि कुठे थांबायचं. भोकं एकमेकांना भिडली तर कातडं फाटतं. स्टेन्सिलमध्ये आतला तुकडा कुठेच जोडलेला नसेल तर तो गळून पडतो.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे आपली अक्षरं. शिळेची रेषा हाती लागत नाही म्हणून गिऱ्हाईक शेवटी नावाकडे वळतं. नामाला रूपाहून मोठं मानणाऱ्या वारकऱ्यांच्या मुलखात ते स्वाभाविकच आहे. 'शनैश्वर' हा शब्द टाइप करून तसाच कापायला लावला की घोटाळा होतो. पडद्यावर शिरोरेषा अखंड दिसते, पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षरावर थोडं चढून बसतं. ब्लेड प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं. त्यामुळे जिथे 'श' आणि 'नै' मिळतात, तिथे शिरोरेषेवर उभा छेद जातो, आणि सोलताना नावाचे तुकडे हातात येतात. उपाय असा की अक्षरांचे आधी आकार करून घ्यायचे, म्हणजे कर्व्ह्जमध्ये बदलायचे, आणि मग सगळे आकार वेल्ड करून एकजीव करायचे. मग ब्लेड बाहेरून एकदाच फिरतं. तेच नाव स्टेन्सिल म्हणून कापायचं तर दुखणं वेगळं: 'व'चं पोट सुटून पडतं, त्याला अरुंद पट्टीनं बांधून ठेवावं लागतं. आणि कागदातून सलग कापलेल्या 'शिंगणापूर'मधला अनुस्वार कुणाचाच नसतो, तो सगळ्यात आधी गळतो. इंग्रजी अक्षरं सुटी उभी राहतात, त्यांना शिरोरेषेच्या सांध्यांची अडचण नाही. शिरोरेषेच्या लिपीत काम करणाऱ्याला एकेका सांध्याकडे बघावंच लागतं. हे बघणं जपाहून फार लांबचं नाही. नावातल्या एकेका अक्षरावर मन थांबतं, तेवढा वेळ ते दुसरीकडे जात नाही.

इथवर यंत्राची बाजू भक्कम आहे. ती डगमगते ती पुढे, सामानाच्या प्रश्नावर. ज्याला आपण रेडियम म्हणतो ते विनाइल, म्हणजे पीव्हीसी. ते कुजत नाही. जाळलं किंवा लेझरनं कापलं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. देवाच्या नावाभोवतीचा सोलून काढलेला कचरा आणि उन्हानं उचकटलेलं खुद्द नाव, दोन्ही शेवटी उकिरड्यावर जातात. पार्थिव पूजेचा सगळा अर्थ असा की मातीची प्रतिमा काम झाल्यावर पाण्यात मिसळून मातीत परत जावी. ज्या वस्तूला परत जायची वाटच नाही, तिच्यात आवाहन करून विसर्जन कसं करायचं? महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकसोबत थर्माकोलवरही बंदी आली आणि गणपतीच्या मखरांपुरती सूट मागणाऱ्यांना त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं नकार दिला. तेव्हा अनेकांना तो सणावरचा घाला वाटला. खरं तर पूजेची मूळ शिस्तच त्या निर्णयानं आठवून दिली होती. त्यानंतर मखरं पुठ्ठ्याची आणि कागदाची होऊ लागली आणि नेमकं याच कामात कटिंग यंत्र सर्वांत उपयोगी पडतं. जाड कागदाची जाळी, कमळाची पाकळी, महिरप त्यावर सुबक निघते.

गाडीवरचं नाव टिकायला हवं, तिथे विनाइलला पर्याय थोडे आहेत, हे मान्य. पण पूजेतल्या वस्तूंना टिकायचं नसतंच. तेव्हा यंदा घरच्या मखरासाठी तयार नक्षी उतरवून घेण्याआधी घरातल्या कुणाकडून तरी कागदावर एक महिरप काढून घ्या, आजीच्या रांगोळीतली असली तरी उत्तम. फोटो काढा, ट्रेस करा, सुटे तुकडे बांधून घ्या आणि पुठ्ठ्यावर कापा. फाइल एसव्हीजीमध्ये जपून ठेवा. ते खुलं स्वरूप आहे, एका कंपनीच्या मालकीचं नाही, पुढच्या वर्षी यंत्र बदललं तरी तुमची रेषा तुमच्याकडेच राहील.