वुजूचे पाणी आणि जंगलाचा हक्क



पहाटेच्या अजानबरोबर गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग येथील घराघरांत व मशिदींत नळ उघडले जातात. वुजूचे पाणी पाक आहे की नाही, याविषयी आपण दक्ष असतो. पाण्याचे प्रकार आणि त्यांचे हुकूम आपण लहानपणीच शिकलेले असतो. परंतु एक प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. हे पाणी ज्या भूमीतून येते, तेथील माणसांचे आपण काही देणे लागतो काय?

मलबार हिलच्या जलाशयातून गिरगावच्या चाळींत उतरणारे पाणी त्या टेकडीवर उगवत नाही. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मोठी धरणे सुमारे शंभर किलोमीटर दूर, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात व त्याच्या परिसरात आहेत. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला मिळत आहे. मुंबई आज रोज साडेतीन अब्ज लिटरांहून अधिक पाणी घेते. हे पाणी भिंत बांधल्याने अडते हे खरे, पण ते मुरते, गाळले जाते आणि हळूहळू झऱ्यांना मिळते ते भोवतालच्या जंगलामुळे. जंगल तुटले तर माती धरणात येईल आणि झरे आटतील. त्या जंगलात ठाकूर, कातकरी आणि वारली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

आपण म्हणाल, ‘‘महानगरपालिकेचे बिल आम्ही भरतो. देणे फिटले.’’ कायद्याच्या दृष्टीने ते फिटलेही असेल. परंतु श्रद्धावंताचा हिशेब केवळ पावतीवर संपत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर एकदा पाण्याचाच तंटा आला होता. मदीनेजवळ डोंगराकडून येणारा एक पाट होता. वरच्या बाजूला आदरणीय जुबैर (रजि.) यांची खजुरीची बाग होती आणि खाली एका अन्सारी गृहस्थाची. प्रेषितांनी (स.) निर्णय दिला की जुबैर (रजि.) यांनी आपल्या झाडांना पाणी द्यावे आणि मग ते शेजाऱ्याकडे सोडावे. या निर्णयाला दोन बाजू आहेत. वरच्याचा हक्क आधी आहे, पण गरज भागल्यावर पाणी अडवून ठेवण्याचा त्याला अधिकार नाही. आता ही कसोटी आपल्याला लावून पाहा. आपण प्रवाहाच्या खालच्या टोकाला आहोत. आपल्या टाक्या भरतात आणि वरच्या टोकाची बाई हंडा घेऊन दोन मैल चालते. शेजाऱ्याचा क्रम येथे उलटला आहे.

प्रश्न फक्त पाण्याचा नाही, जंगलाचाही आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात बलाढ्य सरदार उत्तम कुरणे स्वतःसाठी राखून ठेवत. त्याला ‘हिमा’ म्हणत. प्रेषितांनी (स.) ही खाजगी मिरास मोडली. राखीव कुरण असेल तर ते अल्लाह आणि त्याच्या प्रेषितासाठी, म्हणजेच सर्वांच्या हितासाठी असेल, असे ठरवले. पुढे आदरणीय उमर (रजि.) यांनी राज्याच्या जनावरांसाठी कुरण राखले आणि हुनै नावाच्या सेवकाला त्यावर नेमले. त्याला दिलेली ताकीद बुखारी शरीफमध्ये आहे. तिचा आशय असा, की पीडिताच्या बद्दुआचे भय बाळग. ज्याच्याजवळ थोडे उंट आणि थोड्या शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे. इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांच्यासारख्या श्रीमंतांच्या कळपांना मात्र आवर, कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांना बागा आणि शेते आहेत. गरिबाची मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दारी येईल. खलीफांनी हेही मान्य केले, की ही भूमी मुळात तेथील लोकांचीच आहे आणि आपण त्यांच्यावर अन्याय केला असे त्यांना वाटेल.

राखीव जंगल कसे राखावे, याचा याहून स्पष्ट नियम कोणता असेल? आपल्या देशात नेमके उलट घडले. 1878 च्या वन कायद्याने विस्तीर्ण जंगले सरकारी मालमत्ता झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क ‘सवलत’ बनला, आणि डोक्यावर मोळी घेऊन निघालेला माणूस चोर ठरू लागला. पुढे तोच बांबू कागद कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या कराराने मिळू लागला. म्हणजे इब्ने औफच्या कळपांना दार उघडे आणि चार शेळ्यांच्या धन्याला बंद! हा इतिहास अन्यायाचा होता, हे 2006 च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे.

त्या कायद्याने काय घडू शकते, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या छोट्या गावाने दाखवले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा आपल्या शहराचे नाव घेते. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखाते देईना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. शूरेची परंपरा मानणाऱ्या आपल्या समाजाने, आपल्या मोहल्ला कमिट्यांनी, यावर थोडे थांबून विचार करावा.

येथे एक शंका रास्त आहे. गरिबाच्या हाती जंगल दिले तर भूक भागवण्यासाठी तो ते तोडणार नाही काय? माणूस सर्वत्र माणूसच आहे, आणि लोभ झोपडीतही असतो. म्हणूनच इस्लाम हक्काबरोबर अमानतीची जबाबदारी देतो. पण अमानत सांभाळण्याची शक्यता कोणाची जास्त? झरा आटला तर ज्याची मुले तहानेली राहतील त्याची, की करार संपला की निघून जाणाऱ्याची? ज्याला उद्याचा भरवसा नाही तो आजच तोडून नेतो. ज्याला नातवंडांपर्यंतचा हक्क आहे, तो राखतो.

दुसरी शंका याहून कठीण आहे. परळच्या खोलीत राहणारा मजूरही गरीबच आहे. त्याने तहानेले राहावे काय? मुळीच नाही. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व भागीदार आहेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण शहरालाही लागू आहे. पण भागीदार आणि मालक यांत फरक आहे. भागीदार दुसऱ्याला विचारतो, त्याचा वाटा आधी बाजूला काढतो आणि आपल्या वाट्याची नासाडी करत नाही. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूत पाणी वाया घालवू नये, असे आपल्याला शिकवले गेले ते उगाच नाही.

प्रेषितांचे (स.) आणखी एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. अब्यज बिन हम्माल (रजि.) यांना त्यांनी मागणीवरून मिठाची एक खाण दिली होती. ती अखंड पाझरणाऱ्या पाण्यासारखी, सर्वांच्या उपयोगाची आहे, असे कोणी लक्षात आणून देताच त्यांनी ती परत घेतली. दिलेले दान मागे घेण्यात त्यांना संकोच वाटला नाही, कारण ते एकाचे नव्हतेच.

मग आपण काय करावे? मशिदीच्या हौदाचे आणि इमारतीच्या टाकीचे गळके नळ या आठवड्यातच दुरुस्त करावेत. जुम्याच्या बयानात एखादे वेळी शहापूरच्या पाड्यांचा उल्लेख व्हावा. आदिवासी आपल्या वनहक्कासाठी आझाद मैदानात येऊन बसतात, तेव्हा त्यांना ‘रहदारी अडवणारे’ न म्हणता शेजारी म्हणून भेटावे. त्यांचा धर्म आपला नसेल, परंतु शेजाऱ्याचा हक्क धर्म विचारून ठरत नाही.

आणि हेही स्मरणात असावे, की आपल्या अनेक कब्रस्तानांत माती लोटण्यापूर्वी मय्यतीवर लाकडाच्या फळ्या लावल्या जातात. या शहराने जंगलाकडून घेतलेली ती आपली शेवटची वस्तू असेल. त्यानंतर घेणे संपते आणि हिशेब सुरू होतो. अल्लाह आपल्याला तो हिशेब हयातीतच चुकता करण्याची तौफीक देवो. आमीन.