शेजार आणि स्वत्व

शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून येणारा फोडणीचा वास हा काही तत्त्वचिंतनाचा विषय नव्हे, असे कोणीही म्हणेल. परंतु सिंगापूर नगरीत २०११ च्या ऑगस्ट महिन्यात अशाच एका वासावरून असा वाद माजला की, त्यातून न्याय, औदार्य आणि स्वाभिमान हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहिले. त्या वादाचा निवाडा आजही मनात सहजासहजी लागत नाही, म्हणूनच तो सुज्ञ वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

हकीकत अशी. तेथील एका बहुमजली इमारतीत एक भारतीय कुटुंब राहत होते. त्यांच्या शेजारी चीनमधून नव्यानेच आलेले एक कुटुंब राहावयास आले. भारतीयांच्या घरी वरचेवर करी, म्हणजे आपल्याकडील मसाल्याचे कालवण, शिजत असे. नव्या शेजाऱ्यांना तो वास सोसवेना. भारतीय कुटुंबाने दारे-खिडक्या लावून स्वयंपाक करण्यास आरंभ केला, तेवढ्यानेही भागेना. अखेर प्रकरण सरकारी सामोपचार केंद्राकडे गेले. तेथे तडजोड ठरली ती अशी: शेजारी घरी नसतील तेव्हाच भारतीयांनी करी शिजवावी, आणि शेजाऱ्यांनी ती निदान एकदा चाखून पाहावी.

ही घटना मुळात त्यापूर्वी काही वर्षे घडून गेलेली. सामोपचाराचे एक उदाहरण म्हणून ती २०११ मध्ये वृत्तपत्रात छापून आली, आणि लोक खवळले. आज करी बंद, उद्या काय बंद, असा एकच ओरडा झाला. कोणी तरी कल्पना काढली की, रविवार, दिनांक २१ ऑगस्ट रोजी नगरातील प्रत्येक घरी करी रांधावी, म्हणजे त्या वासापासून कोणाची सुटका होणार नाही! हजारो लोकांनी हा बेत उचलून धरला. त्यांत केवळ भारतीय नव्हते. चिनी, मलायी, सर्व होते. ह्याचे कारणही समजण्यासारखे आहे. करी हा पदार्थ त्या नगरीत कोणा एकाचा राहिलेलाच नाही. माशाच्या डोक्याची करी म्हणून तेथे एक पदार्थ नावाजलेला आहे. चिनी गिऱ्हाइकांस माशाचे डोके प्रिय, म्हणून एका केरळी आचाऱ्याने ती प्रथम तेथेच केली, असे सांगतात. मसाला भारताचा, आवड चीनची, आणि पदार्थ सिंगापूरचा.

आता प्रश्न असा की, त्या भारतीय कुटुंबाने केले ते योग्य केले काय? खवळलेल्या लोकांचे मत स्पष्ट होते. आपल्या घरात आपले अन्न शिजविण्यास दुसऱ्याच्या सोयीची वाट पाहावी लागणे ही मानहानी आहे, आणि ती संख्येने थोड्या असलेल्यांच्या वाट्यास यावी हा अन्याय आहे. प्रथमदर्शनी हे पटते. परंतु पुढे सरकारकडून असा खुलासा झाला की, ही अट मध्यस्थाने लादली नव्हती. दोन्ही कुटुंबांनी आपसांत बोलून ती ठरविली होती. हा खुलासा लक्षात घेतला म्हणजे चित्र पालटते. त्या घराच्या अभिमानासाठी जे हजारो लोक धावून आले, त्यांनी त्या घरास एक गोष्ट मात्र विचारली नाही: तुम्ही हे खुशीने दिले होते की नाही? दात्याने दिलेले दान दुसऱ्यांनी ‘हे तर लुटले गेले’ असे ठरवावे, ह्यातही दात्याचा एक प्रकारे अवमानच आहे.

अर्थात खुशी हा शब्दही सरळ नव्हे. थोड्यांना नमते घेण्याची सवय लागते, आणि सवयीलाच ते खुशी म्हणू लागतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना हे वेगळे सांगावयास नको. घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, हे आपण इतक्या सहजपणे करतो की, त्यात सौजन्य किती आणि संकोच किती, हे आपले आपणासही सांगता येत नाही.

तरी पारखण्याची एक रीत आहे, असे वाटते. त्या कुटुंबाने काय सोडले आणि काय सोडले नाही, ते पाहावे. त्यांनी करी सोडली नाही. तिची लाज धरली नाही. त्यांनी सोडली ती वेळ. शिवाय त्यांनी उलट एक मागणी केली: तुम्ही ती चाखून पाहा. ह्या मागणीकडे त्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आमच्या मते मात्र सर्व प्रकरणाचा जीव तेथेच आहे. चाखण्याची अट नसती तर ती तडजोड म्हणजे केवळ शरणागती ठरली असती. ज्याने त्रासाची तक्रार केली त्याला, ज्याचा त्रास होतो ती वस्तू जिभेवर ठेवून पाहावयास सांगणे, ह्यात विनय आहे आणि ताठ कणाही आहे.

येथे आणखी एक गंमत ध्यानात येते. दोन्ही कुटुंबे आशियाचीच होती. १९९१ च्या जानेवारीत सिंगापूरच्या संसदेने समाईक मूल्यांचा एक मसुदा स्वीकारला. समाजाला व्यक्तीपेक्षा वरचे स्थान, कुटुंब हा समाजाचा पाया, संघर्षापेक्षा सहमती, वंशावंशांत आणि धर्माधर्मांत सलोखा, अशी ती मूल्ये होती. पाश्चात्त्य व्यक्तिवादाच्या लाटेत आशियाई माणसाचे स्वत्व वाहून जाऊ नये, ही त्यामागची चिंता. चिंता खोटी नव्हती. परंतु ‘आशिया’ हे नाव मुळी ग्रीकांनी दिलेले; चिनी, मलायी आणि तमिळ माणसांनी आपणहून स्वतःस त्या नावाने कधी ओळखले नव्हते. अमर्त्य सेन ह्यांनी १९९७ मध्ये ‘आशियाई मूल्ये’ ह्या कल्पनेचा परामर्श घेताना अशोक आणि अकबर ह्यांची आठवण करून दिली, ती ह्याचसाठी: परमतसहिष्णुता ही पश्चिमेचीच मिरास नव्हे, आणि आज्ञापालन हे पूर्वेचे एकमेव लक्षण नव्हे. दूरच्या पाश्चात्त्यांपुढे उभे राहिले की आपण सारे आशियाई होतो. भिंतीपलीकडून मसाल्याचा वास आला की पुन्हा चिनी आणि भारतीय होतो. एवढ्या मोठ्या खंडाचे स्वत्व सांगणे सोपे. एका भिंतीचे शेजारपण निभावणे कठीण.

ते कठीण का, ह्याचा विचार करताना आपल्या परंपरेतील एक उणीव जाणवते. ती सांगितल्याबद्दल वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञ आहे; तो अतिथीसाठी आहे. अतिथीविषयी आपल्याकडे जेवढे सांगितले गेले, तेवढे शेजाऱ्याविषयी सांगितले गेलेले नाही. अतिथी येतो, जेवतो आणि जातो. शेजारी जात नाही. शेजारधर्म हा शब्द आपल्याकडे आहे आणि तो गोड आहे. विरजण मागावे, बाळंतिणीच्या घरी डबा पोचवावा, रात्रीअपरात्री मयतीस खांदा द्यावा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या केले. परंतु त्या आळीतला शेजारी बहुधा आपल्याच चालीरीतीचा असे. ज्याच्या घरचे विरजण आपल्याला चालते, त्याच्याशी शेजारधर्म पाळणे कितीसे अवघड?

सिंगापूरने ही सोपी वाट एकदा अनुभवली आणि मग टाकून दिली. १८२२ मध्ये रॅफल्सने नगराची आखणी ठरविली, तेव्हा चिनी, तमिळ मुसलमान, अरब, बुगी आणि युरोपीय ह्यांच्या वस्त्या वेगवेगळ्या नेमून दिल्या. तरीही माणसांनी त्या रेघा पुसल्याच. नारायण पिल्ले ह्यांनी १८२७ मध्ये स्थापन केलेले मारिअम्मन देवीचे मंदिर आणि त्याच्या आगेमागेच उभी राहिलेली चुलिया मुसलमानांची मशीद, ही दोन्ही साउथ ब्रिज रोडवर हाकेच्या अंतरावर आहेत, आणि तीही चिनी वस्तीच्या ऐन मध्यात! परंतु देवालये शेजारी असली म्हणजे माणसे शेजारी झाली असे नव्हे. २१ जुलै १९६४ रोजी पैगंबर-जयंतीच्या मिरवणुकीत मलायी आणि चिनी ह्यांच्यात दंगल उसळली. सप्टेंबरात पुन्हा उसळली. दोहोंत मिळून ३६ माणसे प्राणास मुकली. तो २१ जुलै आज तेथील शाळांतून वंश-सलोख्याचा दिवस म्हणून पाळला जातो.

पुढे १९८९ मध्ये सरकारने एक विलक्षण नियम केला. तेथील बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक वसाहतीत कोणत्या वंशाची किती घरे असावीत, ह्यास मर्यादा घातली गेली. भारतीय व इतर ह्यांच्यासाठी ती आज इमारतीत शंभरास १५ आणि वसाहतीत १२ अशी आहे. म्हणजे शेजारी निवडण्याची मुभाच उरली नाही. तो त्रैराशिकाने नेमून दिला जाऊ लागला. आपल्या आळीत जे आपोआप जुळत असे, ते तेथे कायद्याने मोडून पुन्हा बांधले गेले.

शेजारधर्म असा हुकमाने आणता येतो काय? हुकमाने फक्त शेजार येतो, हे खरे. परंतु शेजारच नसेल तर धर्म पाळावयाचा कोणाशी? एवढ्यापुरते त्या नियमाचे समर्थन करता येते, आणि आम्ही ते करतो. मात्र त्याची किंमत कोण मोजतो, तेही पाहिले पाहिजे. समजा, एखाद्या इमारतीत चिनी घरांची मर्यादा भरली आहे. तेथील भारतीय माणसास घर विकावयाचे झाले तर त्याला चिनी गिऱ्हाइकास विकता येत नाही, आणि नगरात तर चारांतले तीन लोक चिनी. उरलेल्या थोड्यांतून गिऱ्हाईक शोधावयाचे, महिनोन्‌महिने थांबावयाचे, आणि शेवटी कमी किमतीस घर द्यावयाचे, हे त्याच्या नशिबी येते. सलोख्याचा लाभ सर्वांना. त्याचे मोल मात्र अधिक करून थोड्यांच्या खिशातून. सरकारनेही ही अडचण उघडपणे मान्य केली, आणि २०२२ मध्ये अशा पेचात सापडलेल्या काही घरमालकांची घरे मंडळाने स्वतः विकत घेण्याची सोय केली. नियम होऊन तोवर ३३ वर्षे लोटली होती. ज्यांना तोटा झाला नाही त्यांना तो दिसावयास बहुधा इतकाच वेळ लागतो.

करी शिजविणाऱ्या कुटुंबाशी ह्या घरमालकाची तुलना करून पाहावी. एकाने समोरच्याशी बोलून, बदल्यात काही मागून, आपले थोडेसे सोडले. दुसऱ्याकडून ते सोडवून घेतले गेले. त्याला कोणी विचारले नाही, आणि त्याच्या वस्तूची चव घेण्याचे वचनही कोणी दिले नाही. थैपुसमच्या उत्सवातही असेच झाले. कावडी घेऊन निघणाऱ्या भक्तांच्या मिरवणुकीत वाद्ये वाजविण्यास १९७३ पासून शांततेच्या कारणास्तव मनाई होती; २०१६ पासून ठराविक ठिकाणी वाद्यांस पुन्हा जागा मिळू लागली. मधल्या काळात जन्मून वाढलेल्या मुलांनी वाद्यांशिवायची कावडीच खरी मानली असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? वेळ सोडली तर ती परत मिळते. वस्तूच सोडली तर पुढच्या पिढीला तिची आठवणही राहत नाही.

ह्याच्या उलट पाहावयाचे तर त्याच इमारतींचा तळमजला पाहावा. तो मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. शनिवार-रविवारी तेथे मलायी लग्न लागते, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच खांबांमध्ये चिनी घरातील मृताचे जागरण काही दिवस चालते. परवानगी काढून, दिवस वाटून घेऊन हे होते. जागा अपुरी, म्हणून लोकांनी काळ वाटून घेतला. पण लग्न लग्नच राहिले आणि जागरण जागरणच.

मराठी माणूसही त्या नगरीत आहे, आणि त्याच्या वाट्यास आणखी एक पेच येतो. सरकारी कागदावर तो केवळ ‘भारतीय’. राजमान्य भाषा चार: मलायी, चिनी, तमिळ आणि इंग्रजी. शाळेत मातृभाषा म्हणून तमिळखेरीज हिंदी, पंजाबी, गुजराती, बंगाली आणि उर्दू ह्यांनाही जागा आहे, मराठीला नाही. तेव्हा तेथील मराठी मूल मातृभाषेच्या तासाला बहुधा हिंदी किंवा तमिळ शिकते, आणि मराठी शिकते ते घरी, आईच्या तोंडून. ह्यात त्याने काय सोडले? वेळ की वस्तू? ह्याचे उत्तर शाळेवर अवलंबून नाही. रात्रीच्या जेवणाला त्या घरात कोणती भाषा बोलली जाते, त्यावर आहे.

वॉटर्लू स्ट्रीट म्हणून त्या नगरीत एक रस्ता आहे. तेथे श्रीकृष्णाचे मंदिर आणि कुआन यिन ह्या करुणामयी देवीचे चिनी मंदिर जवळजवळ उभी आहेत. कुआन यिन म्हणजे मूळचा आपल्याच भूमीतून चीनला गेलेला अवलोकितेश्वर. तिचे दर्शन घेऊन निघालेले चिनी भाविक पुष्कळदा कृष्णमंदिराच्या दाराशी थांबतात, आणि तेथे ठेवलेल्या पात्रात आपल्या पद्धतीने उदबत्त्या लावून हात जोडतात. ते आपला धर्म सोडीत नाहीत, आणि कृष्णाचे पुजारी त्यांना उदबत्ती लावण्याची आपली रीत शिकवावयास जात नाहीत.