शर्यत कोणाच्या मालकीची?

२०११ साली आपल्या देशात दोन शर्यतींचं नशीब अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने फिरलं. ११ जुलैला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि खेळ-करमणुकीसाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल जाऊन बसला. ३० ऑक्टोबरला, दिवाळीचे कंदील अजून उतरले नव्हते तेव्हा, ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर फॉर्म्युला वनची भारतातली पहिली शर्यत सुटली. नगर जिल्ह्यातल्या बैलगाडाशौकिनाच्या पोटात गोळा आला तो जुलैमध्ये. माझ्यासारखे मोटारींच्या शर्यतींचे वेडे मात्र ऑक्टोबरात हवेत होते. आता जग आपल्या दारात आलं, असं आम्हाला वाटत होतं.

पुढचा हिशेब उलटाच लागला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, तोही उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे उचलून धरले. पारनेर-श्रीगोंद्याचे शर्यतींचे घाट पुन्हा धुळीने भरले. फॉर्म्युला वन मात्र २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं आली आणि गेली ती गेलीच. तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेलच जिंकला, एवढीच तिची आठवण. तिच्यावर ना न्यायालयाची बंदी होती, ना अधिसूचना. तरी ती गेली. बंदी असलेली शर्यत परत येते आणि मोकळी असलेली कायमची जाते, हे कोडं मला बरीच वर्षं छळतं आहे.

पैसा आणि कर ही सोपी उत्तरं आहेत, आणि ती खोटी नाहीत. फॉर्म्युला वनची शर्यत भरवण्याच्या हक्कासाठी आयोजक जेपी समूहाने मान्य केलेली रक्कम होती ४ कोटी डॉलर. सरकारदरबारी तिला खेळ म्हणायला कोणी तयार नव्हतं. क्रीडा मंत्रालयाच्या लेखी ते मनोरंजन होतं. उत्तर प्रदेश सरकारने करमणूक करात सूट दिली तर त्याविरुद्ध याचिका झाली, आणि पहिल्या शर्यतीच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाने तिकीटविक्रीतला २५ टक्के पैसा वेगळ्या खात्यात ठेवायला लावला. पुढे, शर्यत जाऊन साडेतीन वर्षं झाल्यावर, २४ एप्रिल २०१७ ला त्याच न्यायालयाने निकाल दिला की बुद्ध सर्किट हे फॉर्म्युला वन कंपनीचं भारतातलं कायमस्वरूपी ठिकाण ठरतं, सबब इथल्या कमाईवर इथे कर भरावा लागेल. वर्षातले तीन दिवस येणाऱ्या पाहुण्याचं 'कायमस्वरूपी ठिकाण' ठरलं तेव्हा पाहुणा परत येण्याची शक्यताच उरली नव्हती. पुढे जेपी समूहही कर्जात बुडाला.

पण कोर्टाचे खेटे गाडामालकांनाही चुकले नाहीत. त्यांची लढाई तर जास्त लांबली. फरक इतकाच की त्यांच्या बाजूने लढायला माणसं होती. मोर्चे निघाले, महामार्ग अडले, आमदार-खासदारांना घाटावर उभं राहून शब्द द्यावे लागले. बुद्ध सर्किटसाठी कोणी एक दिवस तरी रस्ता अडवला? मी अडवला नाही. माझ्या ओळखीत एकानेही अडवला नाही. आम्ही चुकचुकलो, आणि पुढच्या रविवारी टीव्हीसमोर बसून अबू धाबीची शर्यत पाहिली.

आमच्या नगर जिल्ह्याला मोटारीचं वावडं आहे असं तर मुळीच नाही. उलट यंत्रावर चालणाऱ्या चाकाशी एवढं जुनं नातं असलेले जिल्हे राज्यात थोडे असतील. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगची लूना इथूनच निघाली. पन्नास सीसीचं इंजिन, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा, आणि पेट्रोल संपलं तर सायकलसारखे मारायला पॅडल. दुधाच्या किटल्या, भाजीची पोती, मास्तरांच्या वह्या, सगळं तिने वाहिलं. वेग हा तिचा गुण कधीच नव्हता, पण पोरं उताराला लागून तिच्यावरही शर्यती लावायचीच. दुसरीकडे संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था नगरलाच आहे. लष्कराची वाहनं तिथे घडतात, तपासली जातात, आणि देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींना रस्त्यावर यायला लागणारं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक आहे. म्हणजे बांधीव चाचणीमार्ग जिल्ह्यात आहे, गाडी तिच्या मर्यादेपर्यंत दामटणारी माणसं आहेत, मिलीमीटर आणि सेकंद मोजणारी उपकरणं आहेत. फक्त हे सगळं कुंपणाच्या आत आहे, आणि ते तसंच असणार. लष्कराच्या कामाला प्रेक्षक लागत नाहीत.

प्रेक्षक घाटावर असतात. उन्हाळ्यात यात्रांचे दिवस सुरू झाले की पारनेर तालुक्यातल्या कुठल्याही घाटावर जा. चढाची लांब पट्टी, दोन्ही बाजूंना दरडीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, टेम्पोच्या टपावर माणूसच माणूस. खाली चार बैल जुंपलेला हलका गाडा, बैलांना आवरून धरणारी दहा-वीस माणसं, आणि त्यांच्या पुढे उधळायच्या बेतात असलेली घोडी. माईकवरचा समालोचक गाडामालकाचं नाव, गावाचं नाव, बैलांची नावं एका दमात घेतो. भिर्रर्र होतं, माणसं बाजूला फेकल्यासारखी होतात, घोडी सुटते, तिच्या मागे बैल, आणि श्वास सोडायच्या आत बारी संपलेली असते. मग सगळ्यांच्या माना वरच्या टोकाकडे, घड्याळवाल्याकडे वळतात. सेकंद आणि सेकंदाचे बारीक तुकडे माईकवर पुकारले जातात आणि मगच भंडारा उधळायचा की नाही ते ठरतं. शेजारून पळणारा दुसरा गाडा नसतोच. शर्यत घड्याळाशी असते. डोळ्यांना वेगवान वाटलेली बारी घड्याळात मागे पडते आणि साधी वाटलेली पहिल्या नंबरात बसते. जाणते गाडाशौकीन म्हणून कोणतंच मत आकडा येईपर्यंत ठाम देत नाहीत.

मी फॉर्म्युला वन पाहायला शिकलो तो नकळत याच शिस्तीने. युरोपातली शर्यत उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. घरातल्यांच्या चहा-नाश्त्याच्या आणि देवापुढे दिवा लावायच्या वेळेला मी हातात मोबाइल आणि समोर टीव्ही घेऊन बसतो. टीव्हीवर गाड्या, मोबाइलवर आकडे. प्रत्येक फेरीचे तीन तुकडे, प्रत्येक तुकड्याचा वेळ. जांभळा आकडा म्हणजे आतापर्यंतचा सगळ्यांत जलद, हिरवा म्हणजे त्या चालकाने स्वतःचाच वेळ सुधारला, पिवळा म्हणजे सुधारला नाही. कोण कोणाला गाठणार हे चित्रात दिसायच्या पाच फेऱ्या आधी आकड्यांत दिसायला लागतं. मागच्या गाडीचा फेरीमागे चार दशांश सेकंद फायदा, टायर किती जुने, पिट-स्टॉपला जाणारा वेळ किती, ही बेरीज-वजाबाकी डोक्यात चालू असते. नवख्याला हे रटाळ वाटतं. गाड्या नुसत्या गोल फिरताहेत, असं म्हणून उठून जाणाऱ्या पाहुण्यांना मी आता थांबवत नाही.

बघण्याची रीत सारखी असली तरी नातं सारखं नाही. घाटावरचा माणूस पाहत असलेल्या बैलाला त्याने कधीतरी चारा घातलेला असतो, निदान ज्याच्या दावणीला तो आहे त्याच्या घरचं लग्न खाल्लेलं असतं. एक बैल माझा, एक पाहुण्यांचा, एक मेहुण्याचा, असा गाडा जुळतो. यात्रा कमिटी वर्गणी काढते, कोणी ढाल देतं, कोणी रोख बक्षीस, कोणी जेवणाचं पाहतं. तो प्रेक्षक आहे, पण तेवढ्यावर थांबत नाही. आम्ही मात्र निखळ प्रेक्षक. बुद्ध सर्किटला तर उलटं चित्र होतं. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्या प्रकल्पात गेल्या ते वाढीव मोबदल्यासाठी कुंपणाबाहेर आंदोलनाच्या पवित्र्यात होते आणि आत महागडी तिकिटं काढून आलेले पाहुणे होते. पहिल्याच शुक्रवारी सरावाच्या वेळी एक भटकं कुत्रं ट्रॅकवर घुसलं आणि सत्र थांबवावं लागलं. जगभर त्यावर हसू झालं. मला आजही वाटतं, आसपासच्या गावांपैकी त्या ट्रॅकवर हक्काने पाऊल टाकलेलं ते एकटंच.

मोटारीची शर्यत म्हणजे मुळातच परकी, श्रीमंतांची, आपल्या मातीत न रुजणारी, असा निष्कर्ष इथून काढणं सोपं आहे. मला तो मान्य नाही. इटलीतल्या मारानेल्लो या लहानशा गावात फेरारीचा कारखाना आहे. फेरारी जिंकली की तिथल्या चर्चची घंटा वाजवायची प्रथा आहे. आयल ऑफ मॅन या बेटावर १९०७ पासून मोटारसायकलींची शर्यत होते ती गावागावांतून जाणाऱ्या रोजच्याच रस्त्यांवर, आणि वळणावळणांवर झेंडे घेऊन उभी असतात ती बिनपगारी स्वयंसेवक माणसं. आपल्या गावच्या यात्रा कमिटीला ती व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. दुसऱ्या महायुद्धातली शोलावरमची धावपट्टी त्यांनी शर्यतींसाठी धरली, वर्षानुवर्षं तिथे माणसं उन्हात उभी राहून गाड्या पाहत राहिली, आणि पुढे क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ जमीन घेऊन स्वतःचा ट्रॅक बांधला. १९९० पासून तो चालू आहे. बुद्ध सर्किटपुढे तो अगदीच साधा, पण राष्ट्रीय स्पर्धा तिथे आजही होतात. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी तर मारुती ८००चं इंजिन घेऊन स्वस्तातली एकासनी शर्यतीची गाडी घडवली. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. त्यांच्या नावाचा ट्रॅक २००३ मध्ये कोइमतूरला उभा राहिला. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याच कोइमतूरचा, यात मला योगायोग वाटत नाही. आधी क्लब, मग धावपट्टी, मग देशी गाडी, मग ट्रॅक, आणि त्या मातीतून चालक. ग्रेटर नोएडात सगळ्यांत शेवटची पायरी आधी बांधली.

आपल्याकडे त्या वाटेने गेलेलं गाव म्हणजे कोल्हापूर. मोहिते कुटुंबाने तिथे कार्टिंगचा ट्रॅक आणि प्रशिक्षण उभं केलं आणि राष्ट्रीय स्पर्धांत कोल्हापूरची पोरं दिसू लागली. नादाला पैसा आणि पैशाला नाद मिळाला की काय होतं ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

गाडामालकांचं मी कौतुक करतो आहे, तेव्हा दुसरी बाजू गिळून टाकता येणार नाही. २०१४ चा निकाल हवेत लागला नव्हता. मारहाण, शेपट्या पिरगाळणं, टोचण्या, विजेचे झटके यांची वर्णनं न्यायालयासमोर होती आणि घाटावर गेलेला कोणीही शपथेवर ती सगळी खोटी म्हणणार नाही. गाडा परत आला त्यात संस्कृतीइतकाच मतांच्या गणिताचा वाटा आहे. गाडामालक हा मतदार असतो, पुष्कळदा पुढारी असतो. नैतिक तराजूत घालायचं तर मोटारीची शर्यत उजवी ठरते. तिथे जिवाची जोखीम घेणारा स्वतः सही करून गाडीत बसतो. बैलाला कोणी विचारत नाही. माझा मुद्दा चांगली शर्यत कोणती हा नाही, टिकणारी शर्यत कोणती हा आहे, आणि या दोन प्रश्नांची उत्तरं दुर्दैवाने एक नाहीत.

२०१३ ची शेवटची भारतीय शर्यत मला नीट आठवते. वेटेलने चौथं विश्वविजेतेपद तिथेच पक्कं केलं. नियमाप्रमाणे गाडी थेट तपासणीच्या आवारात न्यायची असते. ते सोडून त्याने मुख्य स्टँडसमोर ती गरागरा फिरवली, टायरचा धूर केला, खाली उतरून गाडीपुढे गुडघे टेकून दोन्ही हातांनी नमस्कार घातला आणि हातमोजे प्रेक्षकांत भिरकावले. संघाला २५ हजार युरो दंड झाला. त्या दुपारी पहिल्यांदा ती शर्यत मला यात्रेसारखी वाटली, आणि तीच अखेरची ठरली. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यत त्याच ट्रॅकवर एकदा आली, पुढच्या वर्षीची रद्द झाली. पुन्हा चुकचुकाट, पुन्हा कोणी रस्त्यावर नाही.

मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? फॉर्म्युला वन परत आणा म्हणून सरकारला साकडं घालण्यात मला आता रस उरलेला नाही. ४ कोटी डॉलर देऊन भाड्याने आणलेली शर्यत भाडं थकलं की जाणारच. रस आहे तो अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपमध्ये रात्री जागणाऱ्या पोरांत. 'बाहा' नावाची स्पर्धा २००७ पासून भरते. पोरांनी स्वतः पाइप वाकवून, वेल्डिंग करून एकासनी दणकट गाडी बनवायची आणि खडकाळ ट्रॅकवर सलग चार तास चालवून दाखवायची. बहुतेक गाड्या चार तास टिकत नाहीत. कुणाचा सस्पेन्शनचा आर्म तुटतो, कुणाचं वेल्डिंग सुटतं. वर्गणी घरून आलेली असते, प्रायोजक म्हणून गावातला हार्डवेअरवाला असतो, आणि गाडी टेम्पोत घालून परत आणताना सगळे एकमेकांवर खापर फोडत असतात. असं एक पोरगं नंतर रविवारी माझ्याशेजारी शर्यत बघायला बसलं तर जांभळ्या-हिरव्या आकड्यांकडे ढुंकून बघत नाही. कर्बवरून गाडी उसळली की ते पुढच्या चाकाकडे बोट दाखवतं आणि म्हणतं, काका, हा आर्म आता जाणार.