पिशवीतली बाटली

माझ्या भाच्याने वर्षभर एसटीचा प्रवास टाळला. दिवसातून दहा-बारा वेळा संडासला धावावं लागायचं, आणि एसटी काही त्याच्यासाठी घाटात थांबणार नव्हती. रक्त पडतंय हे त्याने घरात सहा महिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा घराने परस्पर मूळव्याध ठरवून टाकली. दुर्बिणीच्या तपासणीत निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सतत सूज आणि जखमा. मेसालामाइनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत पोरगा माणसात आला. मग कुणीतरी कुडा, बेल आणि हळद यांच्या अर्काची बाटली आणून दिली. गोळ्या बंद झाल्या. दोन महिन्यांनी तो रुग्णालयात होता. ‘दुसरं काही घेत होतास का?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘नाही,’ तो म्हणाला. बाटली तेव्हा माझ्या बहिणीच्या पिशवीत होती.

कुड्याला मी दोष देणार नाही. कोकणात हगवण लागलेल्या पोराला कुड्याचं पाळ उगाळून देणारी आजी काही खोटी नव्हती. पण तिच्यासमोर असायची चार दिवसांची हगवण. इथे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटलेलं असतं, आणि पोट शांत वाटत असतानाही आत सूज धुमसत राहू शकते. बरं वाटलं म्हणून गोळी सोडणारा तिथेच फसतो.

हळदीचंच घ्या. जपानमध्ये 2006 साली 89 रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हळदीतलं कर्क्युमिन रोज 2 ग्रॅम, सहा महिने. ते घेणाऱ्या 43 जणांपैकी 2 जणांचा आजार उलटला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या 39 पैकी 8 जणांचा. चांगलीच बातमी! पण ती सांगणारा दोन गोष्टी गाळतो. एक, दोन्ही गटांची नेहमीची औषधं चालूच होती. दुसरी, हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास. दोन ग्रॅमसाठी रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद पोटात जायला हवी. दुधातला चमचा कुठे आणि हे कुठे! दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर दिखाऊ गोळीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही.

जपानचीच दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. निळीच्या जातीच्या वनस्पतींपासून केलेल्या भुकटीचा या रोगावर आठ आठवड्यांत उत्तम गुण आला. तरी प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण तीच भुकटी स्वतःच्या मनाने विकत घेऊन सहा महिने खाणाऱ्या एका रुग्णाच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचं उघड झालं. ज्या वनस्पतीला गुण आहे तिला अवगुणही असू शकतो. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ म्हणणारा झाडपाल्याला औषध मानतच नाही, असं माझं मत आहे.

विकणाऱ्यांविषयी काय बोलावं? ‘रोग मुळासकट जाईल’ असं बाटलीवर छापायचं आणि कुठला अर्क किती, हे मात्र छापायचं नाही, ही सरळ लबाडी आहे. हा रोग गोळ्यांनीही मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतो. आणि डॉक्टरही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ‘कसला काढा, फेकून दे’ असं एकदा डाफरलं की रुग्ण काढा फेकत नाही, पुढच्या खेपेला तो खोटं बोलतो.

आमच्या घरात आधी रक्त लपवलं गेलं, मग बाटली. दोन्ही वेळा कारण एकच, लाज. संडासाविषयी बोलायची लाज आणि डॉक्टर हसतील याची लाज. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर पुढच्या तपासणीला जाताना बाटली पिशवीत ठेवू नका. काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आणि ते काही ठरवेपर्यंत गोळी चुकवू नका.