त्या बावीस सामन्यांचं काय?

हिंजवडीच्या आयटी पार्कपासून बालेवाडीचं क्रीडासंकुल तसं हाकेच्या अंतरावर. संध्याकाळच्या कोंडीत मात्र या अंतराला काही अर्थ उरत नाही. तरीही कबड्डीच्या दिवसांत गळ्यातलं ओळखपत्र न काढताच पोरं तिथं पोचतात. त्यांच्याशी प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणचा विषय काढा, गाडी 1 मार्च 2024 वरच येते. हैदराबाद, हरियाणा स्टीलर्सवर 28-25, पहिलं विजेतेपद. पंकज मोहितेची ती चार गुणांची चढाई तर तोंडपाठ.

मला त्या हंगामात खरं अप्रूप वाटतं ते अंतिम सामन्याआधीच्या साखळीचं. 22 सामने, 17 विजय, 3 बरोबरी, हार फक्त दोनदा. आणि चढाईच्या गुणांत पहिला कोण, तर दिल्लीचा आशू मलिक. पलटणचा एकही गडी त्याच्या आसपास नाही. बी. सी. रमेश यांच्या या संघात कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज आलटूनपालटून चढाईला जायचे. एकाला धरलं तरी पुढच्या चढाईला दुसरा ताजातवाना हजर. अडवायचं नेमकं कुणाला, हेच समोरच्याला ठरवता येत नसे.

मागे डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरझा शादलुई. चढाईपटू चुकेपर्यंत वाट पाहणं या माणसाच्या स्वभावातच नाही. समोरचा पाय बदलतोय तोवर हा कोपरा सोडून अंगावर येतो. कधी फसतो, गुण जातो. पण सोबतीला गौरव खत्री, अबिनेश नादराजन असले की फसण्याची चैन परवडते. पकडींचे 99 गुण त्याने असेच कमावले.

अशी हुकमत एका रात्रीत सिद्ध होत नाही, आणि एका रात्रीत खोटीही ठरत नाही. हैदराबादेत तीन गुण इकडचे तिकडे झाले असते तर? डिसेंबर 2022 मध्ये पलटण जयपूरकडून अंतिम सामना 33-29 असा हरलीच होती. अमेरिकेत बास्केटबॉलमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनी 2015-16 मध्ये साखळीतले 82 पैकी 73 सामने जिंकले आणि अंतिम लढतीच्या सातव्या सामन्यात हरले. त्यांना दुय्यम म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. पण करंडक बावीस किंवा ब्याऐंशी सामन्यांचा मिळत नाही, शेवटच्या लढतीचा मिळतो. लोकांच्या लक्षातही तीच राहते.

पलटणच्या विजेतेपदानंतरच्या लिलावात शादलुई 2.07 कोटींना हरियाणाकडे गेला. अस्लम दुखापतीने बाहेर बसला आणि पलटण बाद फेरीतही पोचली नाही. 29 डिसेंबर 2024 ला हरियाणाने पाटण्याला 32-23 असं हरवून करंडक उचलला, तोही बालेवाडीत! संघ फोडला म्हणून लिलावाच्या नावाने बोटं मोडणारे आजही भेटतात. हिंजवडीत प्रोजेक्ट संपला की टीम विखुरते, तेव्हा यांची तक्रार नसते. शिवाय शादलुई पुण्याला मिळाला होता तोही लिलावातूनच, 2.35 कोटी मोजून.