मातीचे पांघरूण

युरोपातील माळांवर जमिनीलगत पसरणारी थाइम ही सुवासिक वनस्पती. तिच्यातील थायमॉल आपल्या ओव्यातही असते. तिचे बी अगदी बारीक. पेरणारा सवयीने वर माती लोटतो; पण या बियांना रुजायला उजेड लागतो. ते ओल्या मातीवर नुसते दाबायचे, पाणी फवारायचे आणि दोन-तीन आठवडे वाट पाहायची.

मग काळजी म्हणजे काय? मुलांचे निर्णय आपणच घेतो, तेही प्रेमापोटीच. परंतु हेतू चांगला म्हणून कृती चांगली ठरत नाही. समोरच्याची गरज आधी ओळखावी लागते. माती न लोटणे म्हणजे दुर्लक्षही नव्हे: पाणी रोज द्यावेच लागते. आपण कोणाचा उजेड अडवून उभे आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.