डबा आधी, ओपनर नंतर

बोईसर स्टेशनकडून कुंभवलीला येताना रिक्षा हमखास एखाद्या ट्रेलरच्या मागे अडकते. ट्रेलरवर पोलादी पत्र्याची एकच अवाढव्य कॉइल, साखळदंडांनी जखडलेली. तारापूर औद्योगिक वसाहतीत जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात टिनप्लेट तयार होते. म्हणजे कथलाचा मुलामा दिलेला पातळ पत्रा, ज्याचे खाण्याच्या वस्तूंचे डबे बनतात. कॉइल दिसली की मला स्वतःच्या घराची गंमत वाटते. असला पत्रा आमच्या दारावरून जातो, आणि त्याचा डबा घरात आला की तो उघडायला आमच्याकडे धड हत्यार नाही.

श्रावणात पाहुणे आले आणि आमरसाचा साडेआठशे ग्रॅमचा डबा काढला, तेव्हाची गोष्ट. ओपनर होता की! दोन मुठींचा, चावी फिरवायचा. वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून होता. चावी फिरत होती, दातेरी चाक मात्र गंजून जागच्या जागी. शेवटी स्क्रू ड्रायव्हर आणि वरवंटा. ‘‘अरे, आधी खाली परात ठेव,’’ आई म्हणाली. तिने यंत्रावर फारसा विश्वास कधी ठेवलाच नव्हता.

त्या दुपारी आम्ही नकळत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाऊन आलो. काचेच्या बाटलीत अन्न बंद करून उकळलं की ते टिकतं, हे फ्रान्सच्या निकोला आपेरने दाखवलं. का टिकतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ते कळायला पाश्चर यावा लागला. १८१० मध्ये लंडनच्या पीटर डुरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि १८१३ पर्यंत ब्रायन डॉन्किनच्या कारखान्यातून डबे बाहेर पडू लागले. ओपनर मात्र नव्हता. छन्नी-हातोडीने वरची कड कापावी, अशी सूचनाच त्या काळच्या डब्यांवर असे. इंग्लंडमध्ये पहिलं कामचलाऊ हत्यार १८५५ मध्ये रॉबर्ट येट्सने काढलं आणि अमेरिकेत १८५८ मध्ये एझ्रा वॉर्नरने. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं माणसं अन्न बंद करण्यात तरबेज होती आणि उघडण्यात अडाणी. याला मूर्खपणा म्हणता येत नाही. सुरुवातीचा पत्रा इतका जाड होता की त्याला हाताचं हत्यार पुरलंच नसतं. पत्रा पातळ झाला, तेव्हा कुठे ओपनरची कल्पना शक्य झाली. वॉर्नरचं हत्यारही इतकं धारदार होतं की दुकानदारच डबा कापून गिऱ्हाइकाच्या हाती देत, असं सांगतात. बोईसरच्या नाक्यावर शहाळेवाला आजही हेच करतो. कोयता त्याच्याकडे, गिऱ्हाइकाकडे फक्त स्ट्रॉ.

आपल्याकडे माणसाने बंद केलेली वस्तू हाताने उघडायची रीत होती. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचा, तो सोडायचा. सुके बोंबील तर बंदही करावे लागत नाहीत. वलांडीवर उन्हात घातले की झालं. फोडावं लागे ते निसर्गाने बंद केलेलं: नारळ, ताडगोळे, खडकाला चिकटलेली कालवं. पण निसर्ग मेहेरबान आहे. नारळाला तीन डोळे, त्यातला एक मऊ. कोंबाला बाहेर यायची वाट तिथेच. आई तो डोळा अंगठ्याने चाचपून ओळखते आणि सुरीच्या टोकाने पाणी काढते. डब्याला असा डोळाच नाही. तो बसवायला १९५९ उजाडलं. सहलीला गेलेल्या अर्मल फ्रेझ नावाच्या अमेरिकन कारागिराकडे ओपनर नव्हता, म्हणून त्याने म्हणे गाडीच्या बंपरवर डबे उघडले, आणि मग झाकणालाच ओढायची कडी लावली. आमरसाच्या आमच्या डब्याला ती नव्हती.

बाकी डबा आपल्याला तितकासा परका नाही. पितळेच्या पातेल्याला आतून लावायची कल्हई म्हणजे कथीलच. आंबट आमटी पितळेला लागून कळकू नये म्हणून कल्हईवाला नवसागराचा धूर काढत जे करायचा, तेच टिनप्लेटमध्ये पोलादाला केलेलं असतं. स्टेनलेस स्टील आलं आणि कल्हईवाला गल्लीतून गेला. त्याचं काम औद्योगिक वसाहतीत सुरूच राहिलं, फक्त तिथे ‘कल्हई’ अशी हाळी कोणी देत नाही.

तर ओपनर कुठला घ्यावा? दुकानदार चकाकीकडे बोट दाखवतो. चकाकी बहुधा मुठीवरच्या क्रोमची असते. आतलं चाक आणि दाते साध्या लोखंडाचे. समुद्र इथून जवळ, चार महिने पाऊस, आणि वसाहतीच्या हवेबद्दल न बोललेलंच बरं. अशा ठिकाणी फिरणारे भाग जितके कमी तितकं चांगलं, असं माझं मत बनलं आहे. डब्याच्या काठावर झाकण आणि अंग एकमेकांत दुमडलेले असतात, पत्र्याचे पाच पदर. बाजूने कापणारा नवा ओपनर हा काठच सोडवतो, धारदार कड राहत नाही. पण काठ चेपलेला असला की तो अडतो. रोज डबे फोडणाऱ्या घराने तो खुशाल घ्यावा. वर्षातून तीनदा लागणाऱ्याने लाकडी मुठीचा, वाघनखासारखा एकसंध ओपनर घ्यावा. तो नुसती तरफ आहे. बिघडायला त्यात काहीच नाही. कड ओबडधोबड होते आणि बोट कापायची भीती राहते, हे कबूल. अमेरिकन सैनिकांसाठी १९४२ मध्ये तयार झालेला पी-३८ ओपनर जवळपास असाच, जेमतेम दीड इंचाचा, फक्त एका बिजागरीचा.

मी वाघनख आणलं. आईने ते विळीशेजारच्या खिळ्याला अडकवलं, म्हणजे मान्य केलं. परवा पुन्हा डबा काढला, तर तिने आधी झाकण दाबून पाहिलं, फुगलेलं नाही ना. मग टोक रुतवलं आणि मला गप्प राहायची खूण केली. चांगला डबा पहिल्या छिद्राला हवा आत ओढतो, बाहेर फेकत नाही. आत पोकळी असते. फेकली, तर डबा तसाच टाकून द्यायचा, चवही बघायची नाही. बारीकसा ‘सुस्स’ आला, आतल्या दिशेने.

‘‘परात कुठाय?’’ तिने विचारलं.